शिरोलीतील फाउंड्री : व्होल्टेजचे झटके, फुगणारे कॅपॅसिटर आणि अचानक थांबणाऱ्या व्हीएमसी. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यावा का?

शिरोलीकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी गेली नऊ वर्षे विद्युत देखभालीचे काम पाहतो. आमचा पुरवठा ११ केव्हीचा असून आत दोन रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आहेत. एक केवळ इंडक्शन भट्टीसाठी आहे. भट्टी ५०० किलोवॅटची आणि सहा पल्सची (तिचा रेक्टिफायर प्रत्येक सायकलला सहा स्पंदे देतो अशी) आहे. दुसरे १००० केव्हीएचे असून त्यावर मशिन शॉपमधील नऊ व्हीएमसी (संगणकनियंत्रित उभी मिलिंग यंत्रे), पाच सीएनसी लेथ, सँड प्लांट, कॉम्प्रेसर आणि दिवाबत्ती असा सगळा भार आहे. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठीचे ४०० केव्हीएआरचे स्वयंचलित कॅपॅसिटर पॅनेलही याच रोहित्राच्या ४३३ व्होल्टच्या बाजूला जोडलेले आहे.

अडचणी तीन आहेत. त्या एकाच दुखण्याची लक्षणे आहेत की तीन वेगळी दुखणी, हेच मला उलगडलेले नाही.

जून लागला आणि पन्हाळ्याच्या बाजूने पाऊस चढू लागला की दिवसातून दोन-तीन वेळा दिवे क्षणभर मंदावतात. लाइट जात नाही, पण तेवढ्यात निम्म्या व्हीएमसी अलार्म देऊन उभ्या राहतात. गेल्या आठवड्यात एका पंप हाउसिंगचा बोअर फिनिश करताना मशिन असेच थांबले. बोअरिंग बार आतच अडकला, इन्सर्टचे टोक तुटले आणि बोअरला नखात अडकेल इतकी खोल रेघ पडली. मोल्डिंगपासून तिथवर सात तासांचे काम झालेले ते कास्टिंग पुन्हा भट्टीतच टाकावे लागले.

दुसरी अडचण कॅपॅसिटरची आहे. वर्षभरात अकरा कॅपॅसिटर बदलले. डबे वरून फुगतात, फ्यूज जातात, आणि हे बहुधा रात्रपाळीत घडते, म्हणजे मशिन शॉप निम्म्याहून अधिक बंद आणि भट्टी जोरात चालू असताना. भार कमी असताना कॅपॅसिटर का मरावेत?

तिसरी गोष्ट म्हणजे मशिन शॉपच्या पूर्वेकडील ओळीतल्या चारच मशिनची पॉवर सप्लाय कार्डे वारंवार जळतात. शेजारच्या ओळीत तीच मशिन, तीच कंपनी, पण एकही कार्ड गेलेले नाही.

एका पुरवठादाराने ५०० केव्हीएच्या सर्व्हो स्टॅबिलायझरचे कोटेशन दिले असून त्याने सगळे प्रश्न सुटतील असे तो सांगतो. मालकांचा कल तिकडे आहे. माझे मन तयार होत नाही, पण नकार देण्यासाठी माझ्याकडे मुद्देही नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रोहित्र यांचे उत्तर

शिरोलीकर साहेब, मोजमाप हाती येईपर्यंत स्टॅबिलायझरची ऑर्डर देऊ नका. तुमच्या वर्णनावरून ही तीन वेगळी दुखणी दिसतात आणि त्यातल्या एकावरही सर्व्हो स्टॅबिलायझर हे औषध नाही.

सर्व्हो स्टॅबिलायझरमध्ये एक छोटी मोटर व्हेरिअॅकवरचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) ब्रश सरकवते आणि व्होल्टेज जागेवर आणते. हे काम सेकंदाला काही दशक व्होल्ट अशा गतीने होते. दुपारी ४३० आणि संध्याकाळी ३८० असे व्होल्टेज सावकाश वरखाली होत असेल तर हे यंत्र उत्तम काम देते. तुमच्याकडे येणारा झटका मात्र बहुधा एक दशांश ते अर्ध्या सेकंदाचा आहे. मोटर हलायला लागेपर्यंत तो संपलेला असतो, आणि कधी कधी तर झटका संपल्यावर स्टॅबिलायझरने चढवलेले जादा व्होल्टेज मशिनवर येते.

हा झटका येतो कुठून, तेही समजून घेणे उपयोगाचे आहे. उपकेंद्रातून एकाच बसवरून (सामाईक वाहक पट्टीवरून) अनेक फीडर (वेगवेगळ्या भागांना जाणाऱ्या वाहिन्या) निघतात. दुसऱ्या एखाद्या फीडरवर ओली फांदी टेकली किंवा वीज पडून इन्सुलेटर फुटला की तिथला ब्रेकर ट्रिप होईपर्यंत, म्हणजे साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद, संपूर्ण बसचे व्होल्टेज खाली ओढले जाते. लाइट त्या फीडरवरच्या लोकांची जाते. तुमची जात नाही, तुम्हाला फक्त डिप (व्होल्टेजची क्षणिक घसरण) दिसतो. तुमचे रोहित्र डेल्टा-स्टार (दोन्ही बाजूंच्या वाइंडिंगची जोडणी वेगवेगळी) असल्यामुळे वरच्या बाजूला एका फेजवर झालेला दोष खाली दोन फेजवर उमटतो, आणि म्हणूनच काही मशिन थांबतात व काही चालू राहतात. कोणत्या मशिनचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर कोणत्या दोन फेजवर आहे हे एकदा तपासून पाहा. थांबणाऱ्या मशिनची यादी आणि ही जोडणी बहुधा जुळेल.

एवढ्याशा डिपमध्ये मशिन थांबते ते सहसा मुख्य मोटरला ताकद कमी पडली म्हणून थांबत नाही. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आले की एसी कॉइलचा काँटॅक्टर (चुंबकीय स्विच) सुटतो, रिले सुटतो, २४ व्होल्टचा सप्लाय बसतो आणि कंट्रोलर आणीबाणीची स्थिती समजून सगळे बंद करतो. संपूर्ण मशिन सांभाळायला २५ केव्हीए लागत असतील, पण हा कंट्रोलचा भाग सांभाळायला एखाद्या केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो. पूर्ण मशिन यूपीएसवर टाकण्याचा मोह टाळा, कारण स्पिंडल ब्रेक घेताना ऊर्जा मागे ढकलतो आणि ती परत घ्यायची सोय नसलेला यूपीएस तिथेच ट्रिप होतो. मात्र यूपीएस जोडताना इमर्जन्सी स्टॉपचे सर्किट पूर्वीइतकेच परिणामकारक राहिले पाहिजे. बटण दाबल्यावर हालचाल थांबते की नाही हे प्रत्येक मशिनवर प्रत्यक्ष दाबून बघावे. खोल डिपमध्ये स्पिंडलचा ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रक) स्वतःच अंडरव्होल्टेज दाखवून थांबेल आणि ते यूपीएसने टळणार नाही, पण उथळ डिप तरी निभावतील. ब्लोअर आणि पंपांच्या ड्राइव्हमध्ये डिपच्या काळात फिरत्या पंख्याचीच ऊर्जा वापरून तग धरण्याची आणि फिरता पंखा पुन्हा पकडण्याची सोय बहुतेक वेळा आधीच असते, फक्त ती कुणी चालू केलेली नसते. जिथे माणसाचा हात जातो अशा यंत्रावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय चुकूनही देऊ नका.

आता कॅपॅसिटर. तुमचे वर्णन वाचताना मला सर्वांत जास्त काळजी याच मुद्द्याची वाटली. १००० केव्हीएच्या रोहित्राचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) ५ टक्के धरला तर दुय्यम बाजूची शॉर्टसर्किट क्षमता २०,००० केव्हीए येते. तिला तुमच्या ४०० केव्हीएआरने भागले की ५० उरतात आणि ५० चे वर्गमूळ सातच्या अगदी जवळ येते. म्हणजे तुमचे रोहित्र आणि तुमचे कॅपॅसिटर मिळून पुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या सातपट, म्हणजे ३५० हर्ट्झच्या आसपास अनुनाद करतात (त्या वारंवारतेचा प्रवाह अनेक पटींनी वाढवतात). सहा पल्सची भट्टी पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक (५० हर्ट्झच्या त्या-त्या पटीतले प्रवाह) सोडते. भट्टी वेगळ्या रोहित्रावर असली तरी दोन्ही रोहित्रे वरच्या बाजूला ११ केव्हीवर एकत्र येतात, आणि भट्टीच्या सातव्या हार्मोनिकला मशिन शॉपचे रोहित्र व त्यामागचे कॅपॅसिटर ही जोडी जणू मोकळी वाट वाटते. दिवसा मशिन शॉपचा भार या अनुनादाला लगाम घालतो. रात्री तो भार नसतो, म्हणून डबे रात्री फुगतात.

एक शंका मात्र आहे. भार कमी असताना स्वयंचलित पॅनेलने स्टेप (कॅपॅसिटरचे गट) काढून टाकायला हव्या होत्या. तुमच्या रिलेला सिग्नल देणारा सीटी (प्रवाह मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) कुठे बसवलेला आहे? तो मुख्य इनकमरवर (कारखान्यात येणाऱ्या पुरवठ्यावर) असेल तर भट्टीचा प्रवाह बघून रिले सगळ्या स्टेप आत ठेवत असणार.

एका साध्या चाचणीने हे कळेल. रात्री भट्टी पूर्ण पॉवरवर असताना ट्रू आरएमएस (विकृत प्रवाहही अचूक मोजणाऱ्या) क्लॅम्प मीटरने एका स्टेपचा प्रवाह मोजा. ४४० व्होल्ट, २५ केव्हीएआरच्या कॅपॅसिटरचा नियत प्रवाह ३३ अँपिअर असतो आणि तो १.३ पटीपर्यंत, म्हणजे सुमारे ४३ अँपिअरपर्यंत सहन करतो. त्यावर आकडा दिसला तर वेगळा पुरावा नको. साधा क्लॅम्प मीटर इथे फसवतो, तो वापरू नका. पॉवर क्वालिटी अॅनालायझर भाड्याने मिळाला तर तो किमान दोन-तीन आठवडे इनकमरवर ठेवा आणि एका रात्री एकेक स्टेप काढत व्होल्टेजची हार्मोनिक विकृती नोंदवा.

उद्यमनगरी यांचे उत्तर

कार्डांबद्दल थोडे लिहितो. चारच मशिन, तीही एकाच ओळीत, हे वाचल्याबरोबर मला न्यूट्रल आठवला. आमच्या शॉपमध्ये असेच होत होते. त्या ओळीच्या वितरण बोर्डात न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) वरून ठीक दिसत होता, पण नट हाताने फिरला आणि लगाखाली केबलचे इन्सुलेशन तपकिरी होऊन पापडासारखे सुटत होते. न्यूट्रल ढिला असला की एका फेजवरील सिंगल फेज भाराला २३०-२५० ऐवजी कधी २९० व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्याला २०० सुद्धा मिळत नाहीत. शिवाय कॉम्प्युटर, एलईडी दिवे आणि छोटे पॉवर सप्लाय यांचा तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये बेरजेने साठतो, त्यामुळे फेजमध्ये फारसा भार नसतानाही न्यूट्रल तापतो.

पुरवठा पूर्ण बंद करून, कुलूप लावून, पुरवठा नसल्याची खात्री करूनच बोर्डाला हात लावा. त्याआधी चालू स्थितीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज त्या चार मशिनजवळ मोजून ठेवा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. सीएनसीसाठी वेगळा अर्थ पिट खणून तो कारखान्याच्या अर्थिंगपासून तोडून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले असणे ही आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाची आणि सुरक्षिततेची गरज आहे.

भट्टीवाला यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मला भर घालायची आहे ती ज्या बाजूचा उल्लेख मूळ प्रश्नात नाही त्या बाजूची, आणि फाउंड्रीत विजेच्या विश्वासार्हतेचा विचार तिथूनच सुरू व्हावा असे मला मनापासून वाटते. मशिन थांबले तर एक कास्टिंग जाते. भट्टीत ५०० किलो रस (वितळलेला धातू) असताना पुरवठा गेला आणि कॉइलचे पाणी थांबले तर माणसे जाऊ शकतात.

वीज गेल्यावर कॉइलमधला प्रवाह शून्य होतो, पण लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) येणारी उष्णता तशीच येत राहते. पाणी वाहत नसेल तर ते कॉइलमध्ये उकळते, वाफेने वाट अडते आणि कॉइलचे इन्सुलेशन जळते. पुढे लायनिंगला तडा असेल तर रस कॉइलपर्यंत पोहोचतो. रस आणि पाणी एकत्र आल्यावर काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. म्हणून डिझेल जनरेटर सुरू होण्याची वाट न पाहता केवळ गुरुत्वाकर्षणाने कॉइलला पाणी देणारी उंचावरची टाकी हवीच, आणि तिचा व्हॉल्व्ह पुरवठा जाताच आपोआप उघडणारा हवा. आमच्याकडे दर सोमवारी भट्टी थंड असताना मुख्य पंप मुद्दाम बंद करून बाहेर येणाऱ्या पाण्याची धार बादलीत धरून किती सेकंदांत बादली भरते ते वहीत लिहिले जाते. एकदा नेहमीच्या १४ सेकंदांऐवजी ३१ सेकंद लागले, तेव्हा टाकीच्या तळाच्या जाळीत शेवाळ आणि प्लॅस्टिकची पिशवी सापडली. ती चाचणी आम्ही केली नसती तर ते आम्हाला नको त्या दिवशी कळले असते.

पुरवठा लांबणार असे दिसले तर रस वेळेवर पिगमध्ये (साध्या साच्यांत) ओतून टाकायचा निर्णय कोण घेणार, हेही आधीच ठरवून ठेवा. वर गोठलेल्या धातूची साय धरून तिचा पूल झाला आणि खाली रस राहिला की नंतर पॉवर चढवताना तो पूल तुटेपर्यंत खालचा रस कितीही तापतो आणि लायनिंग खातो. आमच्याकडे हा अधिकार पाळीच्या फोरमनला आहे. मालकांना फोन लागण्याची वाट पाहायची नाही.

जनरेटरबद्दल एक सूचना. जनरेटरचा अंतर्गत इम्पीडन्स हार्मोनिकच्या दृष्टीने रोहित्राच्या दुप्पट-तिप्पट असतो, त्यामुळे त्याच ड्राइव्ह चालवल्या तरी जनरेटरवर व्होल्टेज जास्त विकृत होते आणि अनुनादाची जागाही बदलते. जनरेटरवर जाताना कॅपॅसिटर पॅनेल आपोआप बाहेर पडेल असे इंटरलॉक लावून घ्या.

शिरोलीकर यांचे उत्तर (२४ दिवसांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अॅनालायझर २१ दिवस इनकमरवर ठेवला होता. सापडले ते क्रमाने लिहितो.

सीटी खरोखरच मुख्य इनकमरवर होता. रात्री ११ वाजता भट्टी पूर्ण पॉवरवर आणि मशिन शॉपमध्ये तीनच मशिन चालू असताना सगळ्या १६ स्टेप आत होत्या. २५ केव्हीएआरच्या स्टेपचा प्रवाह ४६ अँपिअर भरला. मशिन शॉपच्या बसवर व्होल्टेजची विकृती १४ टक्के होती आणि त्यात सातवा हार्मोनिकच बहुतांश होता. चार स्टेप काढून ३०० वर आल्यावर ती ७ टक्क्यांवर आली, आणि सगळे पॅनेल बंद केल्यावर ४ टक्के राहिली. ४०० केव्हीएआरचा हिशेब कागदावर जसा मांडला होता तसाच तो मीटरवर उतरलेला पाहून मी आणि आमचा वायरमन दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. आम्ही वर्षभर फुगलेला डबा काढून तिथे तसाच नवा डबा लावत होतो.

पूर्वेकडील ओळीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १६ व्होल्ट होते. सोमवारी सुट्टीच्या दिवशी बोर्ड उघडला. न्यूट्रलचा बोल्ट बसबारपासून सुटलेला नव्हता, पण खालचा स्प्रिंग वॉशर तापून सपाट झाला होता आणि लगावर काळी साय धरली होती. लग बदलून, जागा घासून नीट आवळल्यावर १.२ व्होल्ट आले.

डिपच्या १९ नोंदी मिळाल्या. त्यातील १६ डिप २०० मिलिसेकंदांहून लहान होते आणि त्यात बहुतेक वेळा ६० ते ७५ टक्के व्होल्टेज शिल्लक होते. पुरवठा पूर्ण गेला तो दोनदाच. रोहित्र साहेबांनी सांगितल्याप्रमाणे फेजची जोडणी तपासली, आणि थांबणाऱ्या पाच व्हीएमसींचे कंट्रोल ट्रान्सफॉर्मर एकाच दोन फेजवर निघाले.

स्टॅबिलायझरचे कोटेशन मालकांनी बाजूला ठेवले आहे. दोन मशिनवर कंट्रोलसाठी यूपीएस लावून पाहिले; त्यानंतरच्या सहा डिपपैकी पाचांमध्ये ती दोन्ही मशिन चालू राहिली. उंचावरची टाकी आमच्याकडे आहे, परंतु तिचा व्हॉल्व्ह हाताने उघडावा लागतो. तो बदलण्याचे काम सर्वांत आधी हाती घेतले आहे.

आता दोनच प्रश्न उरले. नवे कॅपॅसिटर पॅनेल कसे मागवावे? आणि डिपच्या नोंदी वितरण कंपनीकडे नेऊन उपयोग होतो का?

रोहित्र यांचे उत्तर

मोजमाप इतके व्यवस्थित मांडल्याबद्दल आनंद वाटला.

पॅनेल मागवताना प्रत्येक स्टेपला ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर (कॅपॅसिटरसोबत जोडायची कॉइल) मागा. त्यामुळे स्टेपचा स्वतःचा अनुनाद १८९ हर्ट्झवर बसतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झच्या खाली, आणि त्याच्या वरच्या कोणत्याही हार्मोनिकशी कॅपॅसिटर अनुनाद करत नाही. रिअॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचे व्होल्टेज वाढते. ४४० ला ०.९३ ने भागले की ४७३ येतात, म्हणून डबे ४४० चे नकोत, ५२५ व्होल्टचे घ्या. ५२५ च्या डब्यावर लिहिलेले १०० केव्हीएआर या जोडणीत ४४० व्होल्टवर सुमारे ७५ च देतात, हे मागणीपत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर कागदावर ४०० आणि हातात ३०० असे होते. सीटी मशिन शॉपच्या रोहित्रावर आणल्यावर तुम्हाला ४०० लागणारही नाहीत. जुने आणि नवे पॅनेल एकाच बसवर एकत्र चालवू नका, साधे कॅपॅसिटर उरलेला हार्मोनिक स्वतःकडे ओढतील.

गरजेपेक्षा जास्त कॅपॅसिटर ठेवण्याने बिलातही फायदा नाही. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर (केवळ उपयुक्त नव्हे, तर एकूण घेतलेल्या विजेवर) निघते आणि त्यात लीडिंग (जादा कॅपॅसिटरमुळे होणाऱ्या) बाजूचे रिअॅक्टिव्ह युनिटही मोजले जातात. पूर्वी पॉवर फॅक्टरच्या सवलतीसाठी पॅनेल सढळ हाताने लावण्याची जी सवय लागली, ती आता अंगलट येते.

वितरण कंपनीकडे नोंदी अवश्य न्या. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता व कृती मानकांच्या विनियमांमध्ये वीजगुणवत्तेचा समावेश आहे, त्यामुळे हा विषय केवळ विनंतीचा राहिलेला नाही. तरीही पहिली भेट तक्रारीच्या सुरात नको. तुमच्या १९ डिपची तारीख, वेळ, खोली आणि अवधी असा तक्ता घेऊन उपविभागीय कार्यालयात जा आणि उपकेंद्राच्या ट्रिपिंग रजिस्टरशी तो शेजारी ठेवून बघण्याची विनंती करा. बहुतेक डिप एकाच फीडरच्या ट्रिपिंगशी जुळले, तर फांद्या कुठे तोडायच्या आणि कोणते इन्सुलेटर बदलायचे हे तिथल्या अभियंत्यांनाही नेमके कळते, आणि नेमके काम सांगितले की ते होण्याची शक्यता वाढते. त्याच वेळी तुमच्या भट्टीचा हार्मोनिक प्रवाहही ११ केव्हीच्या बाजूने मोजून ठेवा, कारण त्याची मर्यादा पाळण्याची जबाबदारी ग्राहकाची असते आणि तो प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल.

जाण्यापूर्वी एक काम करा. अॅनालायझरचे घड्याळ आणि उपकेंद्रातले घड्याळ यांच्यात किती फरक आहे ते फोनवर विचारून तक्त्याच्या डोक्यावर लिहा. एका ठिकाणी चार मिनिटांच्या फरकामुळे एकही नोंद जुळली नव्हती आणि सगळा कागद परत आला होता.